नारायणरावांचा वध आणि वैतरणेचा किनारा

वैतरणा नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तर तीरावर दातिवरें नांवाचें एक लहानसें गांव आहे. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत तें येतें. पश्चिम रेल्वेच्या सफाळें स्थानकावर उतरून तेथें जावें लागतें. गांवाच्या परिसरांत जुन्या ठाण्याचे अवशेष आहेत. टेकडीवरील अवशेषांस हिराडोंगरी असें म्हणतात. तेथून दक्षिणेस दृष्टि टाकली म्हणजे खाडीच्या मुखाशीं अर्नाळ्याचें बेट दिसतें, आणि त्याच्या पलीकडे वसईचा प्रदेश पसरलेला आहे. नदीच्या मुखांतून आंत शिरणाऱ्या गलबतावर नजर ठेवावयाची असेल, तर याहून सोयीची जागा शोधूनहि सांपडावयाची नाहीं.

या किनाऱ्याचें दैव सत्ताधीशांच्या अपमृत्यूंशीं चमत्कारिक रीतीनें गुंतलेलें आहे. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ सालीं तह करून वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला आणि अवघ्या तीन वर्षांनीं, १५३७ च्या फेब्रुवारींत, दीवजवळच्या समुद्रांत त्याच पोर्तुगीजांशीं झालेल्या झटापटींत तो प्राणास मुकला. त्यानंतर दोन शतकें हा किनारा पोर्तुगीजांचा होता. मराठ्यांनीं तो सहजासहजीं घेतला नाहीं. १७३७ त ठाणें व साष्टी त्यांच्या हातीं आलीं. १७३९ च्या आरंभीं माहीम, केळवें, शिरगांव, तारापूर हीं उत्तरेकडील ठाणीं एकामागून एक पडलीं. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा वीर कामास आला. दातिवरेंहि याच मोहिमेंत मराठ्यांकडे आलें. आणि मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. हजारों माणसांचें रक्त सांडून मिळविलेला हा मुलूख पुढें कोणत्या लढाईंत गेला, असें कोणी विचारल्यास उत्तर असें आहे कीं, त्याच्या जाण्यास आरंभ लढाईंत झालाच नाहीं. तो आरंभ पुण्यास, शनिवारवाड्यांत, एका दुपारीं झालेल्या खुनांत झाला.

राज्याच्या प्रमुखाचा खून झाला म्हणजे त्या घटनेच्या भोंवतीं आख्यायिकांचें रान माजतें, आणि त्या रानांत खरी हकीकत दिसेनाशी होते. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्या बाबतींत हेंच झालें, केनेडी यांच्या बाबतींतहि झालें. आणि त्यांच्या पूर्वीं नारायणराव पेशव्यांच्या बाबतींत तर हें पुरेपूर झालें. छत्रपति साताऱ्यास असत, परंतु राज्याचा सर्व कारभार पुण्यांत पेशव्यांच्या हातीं होता. त्यामुळें पेशव्याचा वध म्हणजे राज्याच्या मस्तकावरच घाव. महाराष्ट्रांतील बहुतेक सर्वांस या वधाच्या दोन गोष्टी ठाऊक असतात: एक ‘ध’ चा ‘मा’ आणि दुसरी ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी. त्यांखेरीज ज्या लहानमोठ्या गोष्टी आहेत, त्याच अधिक बोलक्या आहेत.

पहिली गोष्ट दिवसाची. हा वध अनंत चतुर्दशीस झाला अशी समजूत आहे. वस्तुतः ती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती. शके १६९५, सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. वाड्यांत गणेशोत्सव चालू होता. थोरले माधवराव थेऊर मुक्कामीं १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं निवर्तले. त्यास पुरते दहा महिनेहि लोटले नव्हते. नारायणरावांस अठरावें वर्ष संपून थोडेच दिवस झाले होते. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यांत नजरकैदेंत होते. म्हणजे पेशवा आणि त्याचा प्रतिस्पर्धी यांच्यामध्यें तटबंदी नव्हती, नदी नव्हती. कांहीं दालनें आणि चौक एवढेंच काय तें अंतर होतें.

दुसरी गोष्ट पहाऱ्याची. त्या दिवशीं सकाळपासूनच गारद्यांत कांहीं गडबड चालली असल्याचें पेशव्यांच्या कानावर आलें होतें. त्यांनीं हरिपंत फडक्यांस बंदोबस्त करण्यास सांगितलें. हरिपंत हे निष्ठावंत आणि पुढें मोठे नांवाजलेले सेनापति. परंतु त्यांनीं तें काम तांतडीचें मानलें नाहीं आणि ते भोजनास निघून गेले. तेवढ्या अवकाशांत सर्व कांहीं उरकलें. ब्याण्णव वर्षांनीं, १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं, वॉशिंग्टनच्या नाट्यगृहांत लिंकन यांच्या दालनाबाहेर पहाऱ्यास नेमलेला जॉन पार्कर नांवाचा पोलीस असाच ऐन वेळीं जागेवर नव्हता. दोन्हीं ठिकाणीं पहारेकरी कटांत सामील नव्हता. त्यानें केवळ ‘इतक्यांत काय होणार आहे’ असें मानलें. घातकी मनुष्याचें अर्धें काम ही समजूतच करून ठेवते.

तिसरी गोष्ट गारद्यांची. युरोपीय पद्धतीनें कवाइत शिकलेल्या पगारी पायदळास गारदी म्हणत. त्यांचे नायक सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद यूसफ. शिवाय रघुनाथरावांच्या पदरचा हुजऱ्या तुळाजी पवार कटांत आघाडीवर होता. गारदी म्हणजे कोणी परधर्मी, असा जो समज पुष्कळांचा असतो तो या नांवांवरूनच चुकीचा ठरतो. त्यांना धर्म, जात, गांव यांपैकीं कशाचेंहि बंधन नव्हतें. पगार थकला होता आणि बक्षिसाचें आमिष मोठें होतें, एवढेंच बंधन. पगार मागण्याच्या निमित्तानेंच ते वाड्यांत घुसले.

चौथी गोष्ट त्या दिवशीं मेलेल्या इतर माणसांची. नारायणराव दुपारची विश्रांति घेत होते. गलबला ऐकून ते चुलत्याच्या दालनाकडे धांवले आणि त्यांनीं चुलत्यास मिठी मारली. मागून सुमेरसिंग आणि तुळाजी आले. चुलत्यानें मिठी सोडविली. तेव्हां चाफाजी टिळेकर नांवाचा एक सेवक, हातांत शस्त्र नसतां, धन्याच्या अंगावर पडला आणि दोघेहि एकाच वेळीं तुटून मेले. अर्ध्या घटकेच्या या धुमाळींत एकूण अकरा माणसें मारलीं गेलीं: पेशव्यांसुद्धां सात ब्राह्मण, दोन मराठे सेवक आणि दोन दासी. एक गायहि कापली गेल्याचें सांगतात. पेशव्यांचें नांव आबालवृद्धांस ठाऊक आहे, चाफाजीचें नांव फार थोड्यांस, आणि त्या दोन दासींचीं नांवें तर कोणाच्याच ओठीं नाहींत. नारायणरावांचें प्रेत ज्या दरवाजानें बाहेर नेलें, त्या पूर्वींच्या जांभूळ दरवाजास पुढें नारायण दरवाजा असें नांव पडलें. ज्या दालनांत हा प्रसंग घडला, तें मात्र आतां कोणास दाखवितां येत नाहीं. १८२८ च्या आगींत वाड्याच्या इमारती जळून गेल्या आणि तट, दरवाजे व जोतीं एवढेंच उरलें. तरीहि पौर्णिमेच्या रात्रीं तेथें आरोळी ऐकूं येते असें सांगणारे लोक आहेत. इमारत गेली, आरोळी राहिली.

आतां ‘ध’ चा ‘मा’. रघुनाथरावांनीं गारद्यांस नारायणरावास ‘धरावें’ असा हुकूम लिहून दिला आणि आनंदीबाईंनीं त्यांत एक अक्षर बदलून ‘मारावें’ असें केलें, ही कथा ग्रँट डफ यांच्या १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत आली आणि तेव्हांपासून ती घरोघरीं गेली. परंतु तो फेरफार केलेला मूळ कागद आजवर कोणासहि दाखवितां आलेला नाहीं. गोष्ट लोकांस आवडली याचें कारण उघड आहे. तिच्यामुळें सगळा अपराध एका स्त्रीच्या लेखणीवर येऊन पडतो. चुलत्याचा गुन्हा कैदेच्या हुकुमापुरता उरतो. आणि ज्यांनीं कट शिजविला, पैसा पुरविला, दार मोकळें ठेवलें, ते सगळे एका अक्षराच्या आड दडतात. रामशास्त्री प्रभुणे यांची चौकशी मात्र याच्या उलट सांगते. शास्त्रीबोवांनीं कांहीं आठवडे कसून तपास केला आणि सुमारें पन्नास माणसें कमीअधिक प्रमाणांत दोषी असल्याचें त्यांस आढळलें. त्यांत गारदी थोडे आणि कारकून, कारभारी, चाकर असे इतर लोकच अधिक होते. मुख्य दोष रघुनाथरावांचा, असें त्यांनीं रघुनाथरावांसच तोंडावर सांगितलें आणि न्यायाधीशाचें पद टाकून ते वाईजवळच्या खेड्यांत जाऊन राहिले. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ या १९०९ च्या नाटकामुळें हा प्रसंग रंगभूमीवर अमर झाला. पन्नास माणसें लागलेल्या कटाचा इतिहास एका अक्षरांत मावत नाहीं. पण लक्षांत राहतें तें अक्षरच.

या सर्व गदारोळांत एक मनुष्य पुण्यांत स्वस्थपणें बसून पाहत होता आणि आपल्या वरिष्ठांस मुंबईस पत्रें लिहीत होता. त्याचें नांव टॉमस मॉस्टिन. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून तो १७७२ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे माधवरावांच्या मृत्यूपूर्वीं जेमतेम महिनाभर, पुण्यास आला होता. त्याला पाठविण्यामागचा मुख्य हेतु हाच कीं, साष्टी, वसई आणि मुंबईच्या आसपासचीं बेटें कोणत्याहि युक्तीनें कंपनीस मिळवावीं. मुंबई हें बेट कंपनीकडे १६६८ पासून होतें. पण त्याच्या पाठीशीं असलेली साष्टी आणि उत्तरेकडील वसई मराठ्यांची असल्यामुळें मुंबईस अन्नधान्य, इमारती लांकूड आणि सुरक्षितता या सर्वांसाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागे. माधवरावांच्या हयातींत ही मागणी पुरी होण्याचा संभव नव्हता. १७६७ त हाच मॉस्टिन एकदां पुण्यास येऊन हात हलवीत परत गेला होता. ३० ऑगस्टच्या दुपारनंतर मात्र परिस्थिति पालटली. ज्या राज्यांत गादीसाठीं दोन पक्ष झाले, त्या राज्यांत तिसऱ्यास मागण्यासाठीं वाट पाहावी लागत नाहीं; देणारा आपण होऊन दारीं येतो.

तसेंच झालें. रघुनाथरावांस साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, परंतु नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू प्रभृति कारभाऱ्यांनीं त्यांस पुरंदरावर नेऊन ठेवलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळिसाव्या दिवशीं, २८ मे रोजीं, पाळण्यांतल्या त्या मुलास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. रघुनाथराव गुजराथेकडे वळले आणि इंग्रजांशीं बोलणीं लांबलीं; कारण इंग्रजांस साष्टी व वसई हवी होती आणि रघुनाथरावांचें मन ती देण्यास प्रथम धजत नव्हतें. वसई ही त्यांच्याच चुलत्यानें घेतलेली. त्या नांवाचा अर्थ त्यांस ठाऊक होता.

मुंबईकरांनीं मात्र उत्तराची वाट पाहिली नाहीं. पोर्तुगीजांचें आरमार आलें असून तें आपला जुना मुलूख परत घेणार, अशी वार्ता उठली. त्या निमित्तानें १७७४ च्या डिसेंबरांत त्यांनीं ठाण्याच्या किल्ल्यास वेढा घातला. या वेढ्यांत त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर जॉन वॉटसन प्राणांतिक जखमी झाला. महिनाअखेर किल्ला पडला आणि पाठोपाठ सबंध साष्टी गेली. सदतीस वर्षांपूर्वीं मिळविलेलें ठाणें गेलें तेव्हां पुण्याचें लक्ष रघुनाथरावांच्या पाठलागाकडे लागलें होतें.

१७७५ च्या मार्चांत सुरतेस तह झाला. रघुनाथरावांनीं साष्टी आणि वसई हीं सर्व ताब्यांतील मुलखासह कंपनीस द्यावीं, भडोच व सुरत येथील वसुलाचा कांहीं भाग द्यावा, फौजेच्या खर्चास दरमहा दीड लाख रुपये द्यावे आणि तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावे. कंपनीनें त्यांस अडीच हजार फौज देऊन पुण्यास नेऊन बसवावें, असा त्याचा आशय. या तहांत खुनाचा उच्चार नाहीं, गारद्यांचा नाहीं. परंतु पुतण्याच्या रक्तानें मिळविलेली गादी टिकविण्यासाठीं जी किंमत मोजावयाची, तिचा आंकडा याच कागदावर लिहिलेला आहे. आणि तो रघुनाथरावांच्या खाजगी मालमत्तेंतून नव्हे, तर चिमाजी आप्पांनीं घेतलेल्या किनाऱ्यांतून भरावयाचा होता. महाराष्ट्रानें ज्या कागदाची आठवण ठेवावयास हवी होती तो हा. ‘ध’ चा ‘मा’ झालेला कागद कोणीं दाखविला नाहीं. हा कागद मात्र उपलब्ध आहे, आणि त्याची म्हण झाली नाहीं.

पुढची कथा गुंतागुंतीची आहे. ज्या १७७३ सालीं नारायणरावांचा वध झाला, त्याच सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें कायदा करून मुंबईच्या सरकारास युद्ध व तह या बाबतींत कलकत्त्याच्या अधिकाराखालीं आणलें होतें. मुंबईकरांनीं परस्पर केलेला सुरतेचा तह कलकत्त्याच्या मंडळानें अन्याय्य व अनधिकृत ठरविला आणि कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह केला. तरी हातीं आलेली साष्टी सोडण्यास कलकत्ताहि तयार नव्हतें. लंडनच्या संचालकांनीं तर पुढें सुरतेचाच तह पसंत केला. तत्त्वाच्या बाबतींत या तीन शहरांत कितीहि मतभेद असोत, साष्टीच्या बाबतींत एकमत होतें.

१७७९ च्या जानेवारींत वडगांवास इंग्रजांची मानहानि झाली आणि घेतलेलें सर्व परत देण्याचें त्यांनीं कबूल केलें. परंतु तो करारहि वरिष्ठांनीं झिडकारला. १७८० च्या पावसाळ्यानंतर जनरल गॉडर्ड वसईवर चालून आला. मोर्चे लागले, तोफांचा मारा झाला आणि ११ डिसेंबर रोजीं वसई शरण गेली. वेढा उठविण्यासाठीं रामचंद्र गणेश कानडे हे मराठ्यांची फौज घेऊन येत होते. वज्रेश्वरीजवळ दुगाड येथें त्यांची कर्नल हार्टले याच्या सैन्याशीं गांठ पडली आणि १२ डिसेंबरच्या लढाईंत ते धारातीर्थीं पडले. ज्या किल्ल्याच्या सुटकेसाठीं त्यांनीं प्राण दिला, तो आदल्याच दिवशीं पडलेला होता. १७८१ च्या जानेवारींत अर्नाळाहि गेला. आतां वैतरणेच्या मुखावर दक्षिणेस इंग्रजांचें निशाण आणि उत्तरेस दातिवऱ्याचा किनारा अशी स्थिति झाली. तेथील नाखव्यांस आणि मिठागरवाल्यांस शनिवारवाड्यांतील ती दुपार डोळ्यांनीं पाहावी लागली नव्हती. तिचें फळ मात्र त्यांच्या खाडीच्या तोंडाशीं येऊन उभें राहिलें.

१७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह होऊन वसई व तिच्याबरोबरचा मुलूख मराठ्यांस परत मिळाला. साष्टी मात्र मिळाली नाहीं, ती कायमचीच गेली. रघुनाथरावांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली आणि ते १७८३ च्या डिसेंबरांत कोपरगांव येथें वारले. ज्या गादीसाठीं हा सर्व खटाटोप झाला, तिच्यावर त्यांस सुखानें एक वर्षहि बसतां आलें नाहीं. गारद्यांचे जे नायक हातीं लागले, त्यांस देहान्त शासन झालें. तुळाजी पवार आणि खरकसिंग हे हैदरअल्लीच्या आश्रयास गेले होते, त्यांसहि त्यानें पुण्याच्या स्वाधीन केलें.

इतकें झाल्यावर या वधाचा हिशेब मिटला असें वाटेल. परंतु तो मिटला नव्हता. पाळण्यांत पेशवा झालेले सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरांत शनिवारवाड्याच्या सज्ज्यावरून पडून अवघ्या एकवीस वर्षांचे असतांनाच मरण पावले. नारायणरावांचा वंश खुंटला आणि गादी शेवटीं रघुनाथरावांच्या मुलाकडे, दुसऱ्या बाजीरावांकडे गेली. सुरतेच्या तहापूर्वीं दोनच महिने, १० जानेवारी १७७५ रोजीं, धार येथें जन्मलेलें हें मूल. बाप परागंदा, आई आनंदीबाई पहाऱ्यांत, अशा स्थितींत तें वाढलें. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला, तेव्हां बाजीराव कोंकणांत उतरले आणि इंग्रजांच्या जहाजांतून समुद्रमार्गें निघून वसईस येऊन पोंचले. तेथें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं कंपनीशीं तह केला. कंपनीच्या सहा पलटणी पदरीं बाळगण्याचें आणि परराज्यांशीं कंपनीच्या संमतीवांचून व्यवहार न करण्याचें कबूल केलें.

बापानें वसई देऊं केली होती. मुलानें वसईंत बसून राज्याचें स्वातंत्र्य दिलें. चिमाजी आप्पांनीं ज्या तटावर भगवें निशाण लावलें, त्याच तटाच्या आश्रयानें हा कागद लिहिला गेला. सोळा वर्षांत पेशवाई उरली नाहीं, आणि दातिवरें, माहीम, केळवें, तारापूर हा सगळा किनारा एकहि मोठी लढाई न होतां कंपनीच्या अमलाखालीं गेला.

वधाचा इतिहास सांगतांना आपली दृष्टि नेहमीं त्या एका दालनाकडे, त्या एका मिठीकडे आणि त्या एका आरोळीकडे वळते. तें स्वाभाविक आहे. अठरा वर्षांच्या मुलाचें मरण कोणाच्याहि काळजास हात घालील. परंतु राज्याच्या मस्तकावरील घाव मस्तकावरच थांबत नाहीं. बंदोबस्त सोडून भोजनास गेलेला सरदार, कटांत हात भरलेले पन्नास लोक, पुण्यांत पत्रें लिहीत बसलेला वकील आणि गादीसाठीं किनारा गहाण टाकणारा चुलता, यांची सांगड घातली म्हणजेच त्या दुपारचा खरा अर्थ कळतो. मारेकऱ्यांनीं अर्ध्या घटकेंत अकरा माणसें मारलीं. वैतरणेच्या मुखापासून पुण्यापर्यंतच्या माणसांनीं त्याची किंमत पंचेचाळीस वर्षें फेडली.